झिरोचा बल्ब

वडिलांनी आमच्या जामखेडच्या घरात वीज घेतली तेव्हा चार पॉइंट काढले होते. एक ओसरीत, एक स्वयंपाकघरात, एक परसदारी आणि एक देवघरात. पहिल्या तिघांच्या बाबतीत शिस्त अशी, की खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने बटण बंद करायचे. विसरलो तर वडील जेवतानासुद्धा उठायला लावत. ‘बिल कोण भरणार, तुझा सासरा?’ हा प्रश्न मला सासरा मिळण्याच्या पंधरा वर्षे आधीपासून विचारला जात असे.

चौथ्या पॉइंटला ही शिस्त लागू नव्हती. तिथे लाल रंगाचा छोटा बल्ब होता आणि तो रात्रंदिवस, बारा महिने चालू असे. त्याला कोणी कधी हात लावला नाही, कारण त्याच्या बाजूने दोन बिनतोड युक्तिवाद होते. आईचा युक्तिवाद असा, की देवापुढचा दिवा मालवायचा नसतो. वडिलांचा असा, की तो झिरोचा आहे, त्याला लागते काय?

झिरोचा! या एका शब्दाने आपल्या किती पिढ्यांना फसवले असेल! झिरोचा बल्ब शून्य वॅटचा नसतो, पंधराच्या आसपास असतो. जुन्या मीटरची चकती एवढ्याशा भाराने हलत नसे, म्हणून त्याला झिरो म्हणू लागले, असे सांगतात. पुढे मीटर बदलले, चकत्या गेल्या, आकडे आले. नाव मात्र तसेच राहिले आणि नावावरचा विश्वासही.

मला हे कळायला फार उशीर झाला, याची लाज वाटते. लाज अशासाठी, की हे कळण्याचे शिक्षण मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिळाले होते. १९८१ साली मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. जाडजूड लेजरे असत आणि व्याज हाताने काढावे लागे. त्याची रीत ‘प्रॉडक्ट’ची. खात्यावर किती रक्कम होती आणि ती किती दिवस होती, यांचा गुणाकार म्हणजे प्रॉडक्ट. दहा हजारांची उचल तीन दिवस राहिली तर प्रॉडक्ट तीस हजार. पाचशे रुपये शंभर दिवस राहिले तर पन्नास हजार. म्हणजे मोठी उचल करणारा व्यापारी सुटला आणि पाचशे रुपये विसरून गेलेला मास्तर जास्त व्याज भरून बसला. आमचे हेडक्लार्क म्हणत, व्याजाला रक्कम दिसत नाही, गुणाकार दिसतो.

वीजबिल म्हणजे दुसरे काय असते? वॅट गुणिले तास. हजाराने भागले की युनिट. छत्तीस वर्षे मी लोकांची प्रॉडक्टे काढली, पण घरातल्या दिव्यांचे लेजर कधी उघडले नाही.

ते उघडले २०१७ साली, निवृत्त होऊन जामखेडला कायमचा परतल्यावर. कादंबरीचे एक प्रकरण अडले होते आणि अडलेल्या लेखकाला कोणतेही दुसरे काम प्रिय असते. वही घेतली, रकाने आखले, घरभर फिरून दिवे मोजले. स्वयंपाकघरातला साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास चालतो, म्हणजे महिन्याला नऊ युनिट. देवघरातला झिरोचा बल्ब पंधरा वॅटचा, पण चोवीस तास. महिन्याला दहा युनिट आणि वर आठ दशांश.

मी गुणाकार पुन्हा करून पाहिला. ज्या बल्बखाली माझ्या आईने उभा जन्म भाकरी भाजल्या, त्याच्यापेक्षा हा लाल ठिपका जास्त वीज खात होता. आणि शिव्या खाल्ल्या त्या परसदारच्या बल्बने!

दिवे बदलण्याबद्दल आपल्याला आजवर जे सांगितले गेले, त्यात ही एक गोष्ट राहून गेली असे माझे मत आहे. ‘जुने बल्ब काढा, वीज वाचवा’ एवढेच सांगितले जाते. मग माणूस काय करतो? दिवाणखान्यातला सर्वांत मोठा, सर्वांत दिमाखदार दिवा आधी बदलतो, जो पाहुणे आल्यावर तासभर लागतो. जिना, मोरी, गोठा, देवघर इथले दिवे शेवटी. बदलायची सुरुवात सर्वांत जास्त तास जळणाऱ्या दिव्यापासून करावी, मग तो कितीही किरकोळ दिसो.

साधा बल्ब इतका महाग का पडतो, याचे कारण त्याच्या पोटातच आहे. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, तेव्हा कुठे ती उजेड देते. शंभर रुपयांची वीज घातली तर पाच-सहा रुपयांचा उजेड, बाकी सगळी उष्णता. आमच्याकडे कोंबडीची पिल्ले आणली की पोल्ट्रीवाले त्यांच्यावर बल्ब टांगतात. त्यांना हे गणित कोणी शिकवावे लागले नाही. बल्ब ही खरे तर शेगडी आहे, सोबत थोडा उजेड मिळतो. सीएफएलने त्याच उजेडाचा खर्च चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आणला, पण तिच्यात पारा होता आणि तिचा उजेड पुष्कळांना आजारी वाटे. एलईडीने साठ वॅटचे काम नऊ वॅटवर आणले. तो निळा एलईडी, ज्याच्याशिवाय पांढरा उजेड मिळालाच नसता, तो बनवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले.

आता माझ्या वहीकडे वळू. स्वयंपाकघरातल्या साठाच्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला तर महिन्याला साडेसात युनिटांहून थोडी जास्तच बचत. देवघरात अर्ध्या वॅटचा लाल एलईडी लावला तर साडेदहाच्या आसपास. दोन्ही मिळून अठरा. आमचे बिल तेव्हा एकशे अठरा युनिटांच्या आगेमागे असे. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंत एक भाव आणि एकशे एकपासून दुसरा, जवळजवळ दुप्पट. म्हणजे वाचलेले अठराही युनिट महागातले होते. सरासरी दर काढून ‘दोन दिव्यांनी काय फरक पडणार’ म्हणणारे इथेच चुकतात. बचत नेहमी बिलाच्या वरच्या टोकाकडून सुरू होते.

पण हे सगळे मी सांगतो आहे तो पेन्शन घेणारा, महिन्याच्या एक तारखेला दोनशे रुपये सहज काढून देऊ शकणारा माणूस. ज्याच्या हातात ते दोनशे नसतात, त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला माझ्याच टेबलासमोर भेटली होती.

२००३ साली मी नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) दुसऱ्या टोकाला एका खेड्यातल्या शाखेत होतो. एक बाई आली. शिवणकाम करायची. दिवसा शेतात मजुरी, रात्री मशीन. म्हणाली, ‘साहेब, तीनशे रुपये पाहिजेत. दोन ते पांढरे दिवे घ्यायचेत, कमी लाईट खाणारे.’

मशीनवर तिने शंभर वॅटचा बल्ब लावला होता, अगदी डोक्यावर, कारण काळ्या कापडावर काळा दोरा दिसला पाहिजे. चैत्र-वैशाखात त्याच्याखाली बसवत नाही, घाम कापडावर पडतो, गिऱ्हाईक बोलते. आणि बिल थकले होते. गावच्या वायरमनने तिला सांगितले होते, की हा वीस वॅटचा दिवा तेवढाच उजेड देईल. तिला शाळा चौथीपर्यंतची, पण हिशेब चोख होता.

मी तिला नाही म्हटले. अगदी नम्रपणे म्हटले. तीनशे रुपयांच्या कर्जाला कागदच पन्नास रुपयांचे लागतात, हे खरे होते. शिवाय अर्जात कर्जाचा उद्देश लिहायचा रकाना असतो. शिलाई मशीन हा उद्देश चालतो, कारण ते उत्पादक. म्हैस चालते, शेळी चालते, पिठाची गिरणी चालते. दिवा कुठल्याच यादीत नव्हता. ज्या मशीनला कर्ज देता येत होते, ते मशीन रात्री ज्याच्या उजेडात चालणार त्याला देता येत नव्हते. हे मी तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘मग शेळी लिहा की.’

मी हसलो. ती हसली नाही.

पुढच्या महिन्यात तिच्या बचत गटाची वही तपासणीला आली. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली तेव्हापासून असल्या वह्या मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. त्यात एक ओळ होती: दिव्यासाठी ३०० रुपये, पाच हप्ते, शेकडा दोन व्याज. गटाने स्वतःच्या साठवणीतून दिले होते. उद्देशाच्या जागी सरळ ‘दिवा’ लिहिले होते.

त्या रात्री मी हिशेब करून पाहिला. मशीनचा शंभराचा बल्ब रोज सहा तास. त्याच्या जागी वीस वॅट, म्हणजे महिन्याला चौदा युनिट वाचले. चुलीपाशी साठाच्या जागी चौदा वॅट, चार तास, साडेपाच युनिट. तेव्हाच्या भावाने युनिट तीन रुपयांना धरले, तर साठ रुपये होतात. हप्ताही साठच रुपये, वर पहिल्या महिन्याचे सहा रुपये व्याज आणि पुढे उतरते. म्हणजे कर्ज जवळजवळ स्वतःच स्वतःला फेडत होते, आणि सहाव्या महिन्यापासून सगळी बचत तिची. इतके सुरक्षित कर्ज माझ्या शाखेच्या कुठल्या खात्यावर होते? साखरेच्या गोदामावर नव्हते, विहिरीवर तर नव्हतेच.

दिवाळीपर्यंत त्या गटात आणखी सातजणींच्या नावापुढे ‘दिवा’ लागला. कोणी भाषण केले नव्हते. एकीच्या घरी उजेड पाहिला, तिचे बिल पाहिले, बस. हे मला जामखेडचा माणूस म्हणून तरी आधी कळायला हवे होते. आमच्याच गावात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला आणि खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायांना शिकवून आरोग्यसेविका केले. डॉक्टरांनी सांगून जे लोक ऐकत नव्हते, ते शेजारणीने सांगितल्यावर ऐकू लागले. जग ते पाहायला जामखेडला आले. मी मात्र बाहेरगावी बँकेत बसून उद्देशाचा रकाना पाहत होतो.

२०१५च्या जानेवारीत केंद्र सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली. एलईडी दिवा घरोघरी पोहोचवायचा, सुरुवातीला दहा रुपये घ्यायचे आणि बाकीचे बिलातून हप्त्याने. वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला ती वही आठवली. मोठमोठ्या तज्ज्ञांना जे सुचले ते त्या बायांना बारा वर्षे आधी सुचले होते: दिव्याची किंमत दिव्याच्या बचतीतूनच वळती करायची. सरकारने त्यात एका गोष्टीची भर घातली. कोट्यवधी दिवे एकत्र खरेदी केले. २०१४च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक दिवा ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ साली ३८ रुपयांवर आला. या योजनेतून आजवर छत्तीस कोटींहून अधिक दिवे गेले. सरकारी योजनांबद्दल चांगले बोलण्याची मला सवय नाही, पण इथे टोपी काढली पाहिजे.

आता एक अडचणीची गोष्ट. एका घराने दिवे बदलले म्हणून त्या घराचा अंधार जातो का? २००५ नंतरची ती वर्षे आठवा. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास भारनियमन. पोरांची दहावीची परीक्षा आणि संध्याकाळी साताला लाईट जायची. त्या वर्षांत काटकसरीचा दिवा लावणाऱ्याची आणि शंभराचे तीन बल्ब जाळणाऱ्याची लाईट एकाच क्षणी जात असे. वाचवणाऱ्याला त्याचे फळ बिलात मिळायचे, उजेडात नाही. आणि बिलाची बचत पोराला अभ्यासाला काय उपयोगाची?

त्या काळात महावितरणने ‘अक्षय प्रकाश’ नावाची योजना आणली होती, तिची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. संध्याकाळच्या खेचाखेचीच्या वेळी गावाने मोटारी, गिरण्या, शेगड्या बंद ठेवायच्या, तारांवरचे आकडे काढायचे, दिव्या-पंख्यांवर भागवायचे. त्याच्या बदल्यात त्या वेळी गावठाणाची लाईट राहणार. म्हणजे करार गावाशी होता, एका मीटरशी नाही. मला ती कल्पना फार आवडली होती. तीनशे उंबऱ्यांचे गाव घ्या. प्रत्येक घराने साठाचे दोन बल्ब काढून चौदा वॅटचे दोन दिवे लावले, तर संध्याकाळी साताला साडेसत्तावीस किलोवॅट भार उतरतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर पाच हॉर्सपॉवरच्या सात मोटारी डीपीवरून उतरल्या. व्होल्टेज सुधारते, ट्यूब फडफडायची थांबते. पण हे सगळ्यांनी मिळून केले तर. एकाने आकडा टाकून शेगडी लावली की बाकीच्यांचे दिवे पुन्हा लालसर. माणसे एकत्र येण्याचा प्रश्न होता तो, बल्बचा नव्हता. म्हणूनच कठीण होता.

आता ते दिवस गेले. दिवे बदलले गेले. आमच्या खर्डा चौकातल्या दुकानात साधा बल्ब मागितला तर दुकानदार वर बघतो. मग हा विषय संपला का?

आमच्या गल्लीत अलीकडे एक नवी हौस आली आहे. दिवा स्वस्त, वीज कमी खातो, मग कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने पाच लावायचे. ते संध्याकाळी लागतात ते सकाळी विझतात. मी सवयीने प्रॉडक्ट काढले. नऊ वॅट, बारा तास, पाच दिवे: महिन्याला सोळा युनिट. स्वयंपाकघर आणि देवघर मिळून मी जे अठरा वाचवले, त्यातले सोळा भिंतीवर गेले. आणि उजेडात बघायला कोण? कुत्री. शेजाऱ्यांना हे सांगितले. त्यांचे उत्तर: ‘काका, एलईडी आहेत, त्यांना काय लागतंय?’

मला वडिलांचा आवाज ऐकू आला. झिरोचा आहे, त्याला लागते काय?

घरातसुद्धा नवे झिरोचे बल्ब आहेतच. टीव्हीखालची ती पेटी रिमोटने बंद केली तरी जागीच असते. इंटरनेटची पेटीही तशीच. आठ-दहा वॅट प्रत्येकी, चोवीस तास. एकेक महिन्याला सहा-सात युनिटे खाते. त्यांच्यावरही लाल ठिपका असतो, फक्त त्यापुढे कोणी हात जोडत नाही. आणि सर्वांत मोठे खाते आता पंख्याचे आहे. जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा दिवसाला पंधरा तास फिरला, तर महिन्याला तेहतीस-चौतीस युनिट. नवे तीस वॅटच्या आतबाहेरचे मिळतात. महाग आहेत. त्यांना हप्ता लावणारी वही कोणीतरी काढायला हवी.

दिव्यांबद्दल लोक मला अजून एक विचारतात, म्हणून सांगतो. बाजाराच्या दिवशी हातगाडीवर मिळणारा बिननावाचा, बिनहमीचा एलईडी घेऊ नका. सहा महिन्यांत तो लुकलुकू लागतो आणि मग ‘हे एलईडी असलेच’ अशी बदनामी सगळ्यांची होते. खोक्यावर वॅटबरोबर ल्युमेन पाहा. साठ वॅटचा जुना बल्ब सातशे-आठशे ल्युमेन देत असे. आणि पांढऱ्याफेक उजेडात जेवण नकोसे वाटत असेल तर पिवळसर छटेचा मागा, तोही मिळतो. मी स्वतः लिहिण्याच्या टेबलावर साठाचा जुना बल्ब २०१९पर्यंत ठेवला होता. कबूल करतो. त्या पिवळ्या उजेडाखेरीज वाक्य सुचत नाही असे वाटायचे. पिवळा एलईडी लावल्यावरही तितकीच वाक्ये सुचतात, म्हणजे थोडीच.

राहिले देवघर. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. वही घेऊन तिच्यासमोर बसलो आणि म्हटले, ‘आई, हा बल्ब महिन्याला अकरा युनिट खातो.’

‘देवाच्या दिव्याचा हिशेब काढतोस? बँकेत हेच शिकलास काय रे?’

‘बंद नाही करायचा. बदलायचा. लालच आणलाय.’

तिने नवा दिवा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मग म्हणाली, ‘आधी समई लाव. मग हात लाव त्याला.’

समई लावली. फडक्याने धरून जुना बल्ब काढला, नवा बसवला. मधल्या दहा-बारा सेकंदांत देवावर समईचाच उजेड होता. आईने हात जोडलेले होते. नवा लागल्यावर तिने तळहात त्याच्याजवळ नेला.

‘गार आहे रे हा.’

‘गारच असतो, आई. त्यातच तर बचत आहे.’

ती काही बोलली नाही. पावसाळा लागला तेव्हा तिच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला. एका सकाळी देवघरातून काडी ओढल्याचा आवाज येत राहिला. एक, दोन, पाच. काडी पेटेना. चाळीस वर्षे ती काडेपेटी आणि फुलवातींची वाटी त्या लाल बल्बच्या अगदी शेजारी ठेवत आली होती. त्याच्या उबेने जामखेडच्या भर पावसातही काडेपेटी कधी सर्दाळली नव्हती. माझ्या वहीत त्या उष्णतेला मी ‘वाया’ असा रकाना दिला होता.

बिस्किटांचा एक घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा शोधून काढला, तळाशी मूठभर तांदूळ घातले आणि काडेपेटी, वाती त्यात ठेवल्या. आई नंतर चार वर्षे होती. डबा उघडताना रोज झाकणाशी झटापट करायची आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात देवाला सांगायची, ‘अकरा युनिट वाचलेत बरं का, पांडुरंगा.’

डबा अजून तिथेच आहे. आता झाकणाशी आमची सौ. झटापट करते. जुना लाल बल्ब टेबलाच्या खणात आहे. मागच्या आषाढात होल्डरला लावून पाहिला. लागतो.